आमचा मारिओ हळू का वाजायचा?

हेडफोन असतील तर लावा. आजच्या भागात बोलण्याइतकंच ऐकायचंही आहे, आणि त्यातला खालचा आवाज मोबाईलच्या स्पीकरवर जवळजवळ येतच नाही. जे ऐकण्याऐवजी वाचतायत त्यांच्यासाठी क्लिप कुठे वाजतात ते कंसात दिलंय.

गेल्या दिवाळीत कराडला घरी गेलो तेव्हा बॅगेत एक जपानी फॅमिकॉम होता. ऑफिसातल्या मैत्रिणीने टोकियोहून सेकंडहँड आणलेला, १९९३ चं एव्ही मॉडेल. चार दिवसांसाठी हातापाया पडून मागून घेतला होता. (असा कन्सोल तुमच्या हाती लागला तर त्याचा जपानी अडॅप्टर आपल्या सॉकेटात घालू नका. तो १०० व्होल्टचा असतो. धूर काढाल.) लक्ष्मीपूजन झालं, फराळ झाला, मी टीव्हीला वायर लावली आणि मारिओ सुरू केला. दादा आतल्या खोलीतून बाहेर आला, दारातच थांबला आणि म्हणाला, "हे फास्ट केलंयस का तू?"

मी काहीच केलं नव्हतं. मारिओ असाच आहे. १९८५ साली जपानमध्ये निघाला तेव्हापासून असाच.

[क्लिप: एकच छोटी चाल दोनदा. आधी जपानी कन्सोलवर, मग आमच्या जुन्या कन्सोलवर.]

ऐकलंत? दुसरी क्लिप हळू आहे. पण गंमत बघा, ती खाली गेलेली नाही. कॅसेट प्लेअरचे सेल उतरले की गाणं हळू होतं आणि सोबत आवाजही जाड होतो. इथे सूर जवळपास तिथेच, फक्त चाल रेंगाळलेली. एका मिनिटाची चाल ७२ सेकंद चालते.

आमचा कन्सोल म्हणजे मामाने मुंबईच्या मनीष मार्केटमधून आणलेला 'टीव्ही गेम'. फॅमिकॉमची नक्कल. कॅसेटवर लिहिलेलं '९९९९ इन १' आणि आत खरे गेम बारा-तेरा. मारिओ, कॉन्ट्रा, टँक, सर्कस. तुमच्यापैकी ज्यांचा जन्म नव्वदीतला आहे त्यांना पुढचं सांगायला नको: कॅसेट काढायची, फुंकर मारायची, परत घालायची. आम्ही दोघे भाऊ त्या हळू मारिओवर वाढलो. पुढे मी बीटेकला असताना लॅपटॉपवर एम्युलेटर टाकून खरा मारिओ खेळलो, तर पहिल्याच खड्ड्यात गचकलो. वाटलं, एम्युलेटर बिघडलाय.

तर आज या हळूपणाचं मूळ सांगतो, आणि त्यानिमित्ताने मी वर्षभर ज्याच्यात अडकलोय त्या गोष्टीबद्दल बोलतो. साउंड ड्रायव्हर.

ड्रायव्हर म्हटलं की प्रिंटरचा ड्रायव्हर डोळ्यासमोर येतो. हा तो नाही. फॅमिकॉममध्ये एमपीथ्रीसारखी गाण्याची फाइल नसते. रिको कंपनीची २ए०३ नावाची चिप असते, तिच्यात सीपीयू आणि आवाजाचा भाग एकत्र. आवाज पाच. दोन पल्स, एक ट्रँगल, एक नॉइझ म्हणजे नुसती खरखर, आणि पाचवा छोटे रेकॉर्ड केलेले तुकडे वाजवणारा. या चिपला 'सा' कळत नाही, ताल कळत नाही. तिच्या काही रजिस्टरमध्ये आकडे लिहायचे; ती तो आकडा पुढचा आकडा येईपर्यंत वाजवत बसते. आता कुणीतरी सतत हे आकडे लिहीत राहायला हवं ना? तो जो छोटासा प्रोग्राम गेमच्या पोटात बसून दर फ्रेमला हे करतो, तो ड्रायव्हर.

भातखंडे पद्धतीची स्वरलिपी बघितली असेल तर हे पटकन कळेल. कागदावर स्वर आहेत, मात्रा आहेत, खटका-मींडेच्या खुणा आहेत. पण कागद वाजत नाही. वाजवणारा लागतो, आणि वाजवणाऱ्याला जे येत नाही ते कागदावर लिहून उपयोग नाही. गाण्याचा डेटा म्हणजे स्वरलिपी, ड्रायव्हर म्हणजे वाजवणारा. संगीतकाराने कितीही सुंदर मींड लिहिली आणि ड्रायव्हरला मींड येतच नसली, तर संपलं.

आता 'दर फ्रेमला' हा शब्द पकडून ठेवा. जपानी आणि अमेरिकी टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र काढायचे. चित्र काढून झालं की चिपला एक इशारा मिळतो, आणि बहुतेक गेम त्या इशाऱ्यावर ड्रायव्हरला एकदा चालवतात. म्हणजे टीव्ही हाच मेट्रोनोम. आपल्याकडे टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला ५०. नक्कल करणाऱ्यांनी चित्र आपल्या टीव्हीला जुळवलं, कॅसेटमधला प्रोग्राम मात्र जपानचाच ठेवला. ६० ठोके धरून लिहिलेलं गाणं ५० ठोक्यांवर चाललं. गाणंच का, मारिओची उडी, घड्याळ, कासवं, सगळंच.

मग सूर का नाही उतरला? कारण सूर टीव्हीवर अवलंबून नाही, सीपीयूच्या घड्याळावर आहे. जपानी फॅमिकॉमचं घड्याळ १.७९ मेगाहर्ट्झ. निन्टेन्डोने युरोपसाठी जो अधिकृत कन्सोल काढला त्याचं घड्याळ १.६६ वर आलं, म्हणजे तिथे ड्रायव्हरमधला तक्ता न बदलता जपानी गाणं वाजवलं तर सूर अर्ध्या स्वराहून जास्त उतरतो. नक्कल करणाऱ्यांनी मात्र घड्याळ १.७७ वर ठेवलं. फरक एक टक्का. मला यात त्यांचं फार कौतुक वाटतं. कॉपीराइटचं सोडा, पण कुठल्या तरी इंजिनिअरने ठरवलं की जपानी कॅसेट या डब्यात बेसूर होता कामा नये. हळू चालेल, बेसूर नको.

आता माझं प्रकरण. मी गेल्या वर्षी या जुन्या कन्सोलसाठी एक छोटा गेम लिहायला घेतला. दुसरं काही नाही, शनिवार-रविवारचा उद्योग. संगीत मला भूप रागात हवं होतं. आमच्या घरात भूप भरपूर. दादा भजनी मंडळात पेटी वाजवतो. आणि भूपात प वरून ग वर येताना जी मींड लागते, ती मला गेमच्या पहिल्याच ओळीत पाहिजे होती.

इथे कुणी विचारेल, तयार ड्रायव्हर आहेत की. आहेत. फॅमिट्रॅकर आहे, फॅमिस्टुडिओ आहे, कमी जागेत आणि कमी वेळात काम उरकणारा फॅमिटोन२ आहे. तुम्हाला गेम पूर्ण करायचा असेल तर यातलाच एक घ्या, माझ्यासारखं करू नका. मला गेम पूर्ण करायचा होता, पण त्याहून जास्त, त्या डब्याच्या आत नक्की काय चालतं ते बघायचं होतं. पहिला ड्रायव्हर दोन आठवड्यांत उभा राहिला. साधे स्वर, साधी लय. मग मींड घातली.

[क्लिप: प ते ग, पहिला प्रयत्न. दोनदा.]

तो 'टक्' ऐकू आला? प सोडला की लगेच. प्रत्येक वेळी, त्याच जागी.

मी तीन रात्री माझ्या कोडमध्ये चूक शोधली. चूक नव्हती. झालं असं की पल्सचा सूर ठरवायला एक ११ बिटांचा आकडा लागतो. आकडा मोठा तर सूर खाली. पण चिपची रजिस्टर आठ बिटांची, म्हणून तो आकडा दोन तुकड्यांत लिहावा लागतो: खालचे आठ बिट एका रजिस्टरमध्ये, वरचे तीन दुसऱ्यात. खालचा तुकडा कितीही वेळा बदला, आवाज गुळगुळीत सरकतो. वरच्या तुकड्याला नुसता हात लावला तरी चिप लहर पुन्हा सुरुवातीपासून चालू करते. मधेच तोडून. तोच 'टक्'.

माझा सा होता पांढरी दोन. म्हणजे प आला ४४० हर्ट्झच्या आसपास, आणि चिपच्या भाषेत प म्हणजे २५३. ग म्हणजे ३०१. मधे २५६ ची वेस. आठ बिटांत २५५ पर्यंतच मावतं, २५६ झालं की वरचा तुकडा बदलावा लागतो. प वरून निघून तीन पावलं टाकली की वेस. सा काळी चारवर घेतला असता तर या मींडेत ती वेस मधे आलीच नसती आणि हा भागही झाला नसता.

सुटकेची वाट चिपमध्येच आहे. पल्सला एक 'स्वीप' नावाची सोय आहे, सूर आपोआप वर-खाली घसरवायला. लेझरच्या 'प्यू-प्यू' आवाजासाठी वगैरे. स्वीप जेव्हा आकडा बदलतो तेव्हा लहर तोडत नाही. मग युक्ती अशी: खालचा तुकडा २५५ वर न्यायचा, स्वीपला सांगायचं की एकच पाऊल ढकल, ते पाऊल पडलं की आकडा आपोआप २५६, आणि लगेच स्वीप बंद. वेस ओलांडली, टक् नाही. ही युक्ती माझी नाही, या कन्सोलवर काम करणाऱ्या मंडळींत बऱ्याच वर्षांपासून माहीत आहे. फॅमिस्टुडिओच्या इंजिनात तर ती एक पर्याय म्हणून दिलेलीच आहे. हे मला सगळं लिहून झाल्यावर कळलं. असो.

[क्लिप: प ते ग, स्वीपसह.]

आणि स्वतःचा ड्रायव्हर असण्याचा एक फायदा असा, की स्वरांचा तक्ताही आपलाच. तयार तक्त्यांत सगळे अर्धस्वर सारख्या अंतरावर असतात, पियानोसारखे. त्या हिशोबाने ग ३०१. पण तंबोऱ्यातून जो गंधार ऐकू येतो तो सा च्या सव्वापट, किंचित उतरलेला. त्याचा आकडा ३०४. मी तक्त्यात ३०१ खोडून ३०४ लिहिलं. फक्त तीनचा फरक, पण हेडफोनवर ऐका, डोकं शांत होतं. हा लाड खालच्या-मधल्या सप्तकातच परवडतो. वर १,७६० हर्ट्झला गेलात की चिपचं एक पाऊल जवळपास २८ हर्ट्झचं पडतं. तिथे श्रुती सोडा, साधा स्वर जागेवर लागत नाही.

दादाला मी ही क्लिप पाठवली तेव्हा त्याने फोनच केला. "पेटीवर जे येत नाही ते तू गेमवर वाजवतोयस?" त्याच्या आवाजात थोडी चीड होती असं मला वाटलं, आणि ती बरोबरही होती. पेटीवर मींड येत नाही, गंधार हवा तसा लावता येत नाही, ही टीका पेटीवाल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकलीय. ऑल इंडिया रेडिओने तर १९४० मध्ये पेटीला बंदीच केली होती. आणि इथे एक खेळण्यातला डबा!

मोठ्या लोकांनी हे कसं केलं तेही थोडं सांगतो, कारण त्यातूनच मला धीर आला. सनसॉफ्ट नावाची जपानी कंपनी होती. त्यांचा १९९० चा जर्नी टू सिलियस ऐका. फॅमिकॉमवर बेस सहसा ट्रँगलवर असतो, आणि ट्रँगलला आवाज कमी-जास्त करण्याची सोयच नाही. चालू किंवा बंद. सनसॉफ्टवाल्यांनी बेस पाचव्या आवाजावर नेला, खऱ्या बेस गिटारसारखे रेकॉर्ड केलेले तुकडे. तो आवाज फक्त १६ ठरावीक वेगांवर वाजतो, त्यातून सगळे स्वर मिळत नाहीत, म्हणून वेगवेगळ्या स्वरांचे तुकडे कॅसेटमध्ये भरले. मग मोकळा झालेला ट्रँगल ढोलासारखा वापरला. कामांची अदलाबदल. पण ही अदलाबदल ड्रायव्हरला कळायला हवी, तरच संगीतकार ती लिहू शकतो.

उलट उदाहरण सेगा मेगा ड्राइव्हचं. अमेरिकेतल्या स्टुडिओंसाठी सेगाने जेम्स नावाचा तयार ड्रायव्हर दिला होता. सोय चांगली, पण अनेकांनी त्यासोबत आलेली वाद्यं तशीच वापरली, आणि कितीतरी गेम एकाच टणटणाटी आवाजात बोलायला लागले. त्याच कन्सोलवर युझो कोशिरोने स्ट्रीट्स ऑफ रेज केला, १९९१ साली. तो काम करायचा एनईसीच्या पीसी-८८ या घरगुती संगणकावर, बेसिकमधून स्वतःला हवी तशी वळवून घेतलेली भाषा वापरून. त्या भाषेला त्याने नाव दिलं म्युझिक लव्ह. तीच चिप, तेच सहा एफएम आवाज. ऐकून मात्र नाइट क्लबमध्ये गेल्यासारखं वाटतं. जेम्स वाईट होता असं नाही, त्यावरही चांगलं काम झालंय. पण वाजवणारा भाड्याने आणला की तो त्याच्या सवयी घेऊन येतो.

माझ्या ड्रायव्हरकडे परत. मींड जमली म्हणून हुरूप आला, मी पाचव्या आवाजावर ढोलकीचे दोन तुकडे टाकले. एम्युलेटरवर छान. तोच गेम दिवाळीच्या आधी जपानी फॅमिकॉमवर लावला, तर ढोलकी सुरू झाली की माझा गडी मधूनच आपोआप उजवीकडे एक पाऊल टाकायचा. रिमोट खाली ठेवलेला! मला आधी हसू आलं, मग घाम फुटला. हाही चिपचाच जुना दोष. पाचवा आवाज मेमरीतून पुढचा बाइट उचलतो, त्याच क्षणी सीपीयू रिमोटची बटणं वाचत असेल, तर एक बटण गिळलं जातं आणि बाकीची एकेक जागा पुढे सरकतात. वाचायच्या क्रमात उजवीकडचं बटण शेवटचं. ती जागा रिकामी पडते आणि तिथे 'दाबलंय' असं वाचलं जातं. सुपर मारिओ ब्रदर्स ३ मध्येही पाचव्या आवाजावर ढोल आहेत, तिथे यावर उपाय म्हणून बटणं परत परत वाचतात आणि दोन वाचनं जुळली तरच मानतात. मीही तेच केलं. एम्युलेटरच्या सेटिंगमध्ये हा दोष दाखवायचा की नाही हे मी कधी बघितलंच नव्हतं, हा माझा आळस.

या सगळ्याला वेळ किती असतो? एका फ्रेममध्ये सीपीयूची सुमारे २९,७८० चक्रं. त्यातच चित्र, शत्रू, टक्कर, सगळं. माझा पहिला मींडवाला ड्रायव्हर चार हजारांवर चक्रं खायचा. आता दीड हजारात येतो. त्यात एक नियमही आहे: उडीचा आवाज आला की एक पल्स त्याला द्यायचा आणि उडी संपली की गाण्याला परत करायचा. मारिओ खेळताना उडी मारली की गाण्यातला एक आवाज क्षणभर गायब होतो, नाणं घेतलं की दुसरा. कधी लक्ष दिलंय? आता दिल्याशिवाय राहवणार नाही, त्याबद्दल माफी.

राहता राहिला हळूपणा. माझा गेम दोन्ही प्रकारच्या कन्सोलवर एकाच वेगाने वाजायला हवा होता. गेम सुरू झाल्या झाल्या ड्रायव्हर दोन इशाऱ्यांमधली चक्रं मोजतो. २९,७८० आली तर जपानी किंवा अमेरिकी, ३३,२४७ तर युरोपचा, ३५,४६४ तर आमच्या घरातल्यासारखा. पन्नासवाला निघाला तर दर पाच फ्रेममध्ये एकदा ड्रायव्हर दोनदा चालवायचा. पाचाचे सहा झाले, हिशोब जुळला. अगदी जलद सरकणाऱ्या स्वरांत बारीकसा ठेचका लागतो, पण चालतं.

दिवाळीत मी हे सगळं घेऊन आमचा जुना डबा माळ्यावरून काढला. चालू झाला! फ्लॅश कॅसेट घातली, गेम लागला, वेग बरोबर. पण आवाज वेगळा. मींड तीच, सूर तेच, आणि तरी गाणारा दुसराच कुणीतरी. एव्हीची वायर लॅपटॉपला लावून रेकॉर्ड केलं, लहर मोठी करून बघितली आणि डोक्याला हात लावला. पल्सच्या लहरीचा किती भाग वर राहील ते आपण ठरवतो: साडेबारा टक्के, २५, ५० किंवा ७५. पंचवीसचा आवाज सनईकडे झुकणारा, अणकुचीदार. पन्नासचा भरीव, पोकळ बासरीसारखा. बऱ्याच नकली चिपमध्ये २५ आणि ५० यांची अदलाबदल झालेली असते. आमच्यातही होती. म्हणजे लहानपणी आम्ही ऐकलेला मारिओ नुसता हळू नव्हता, त्याचा गळाही निराळा होता.

वेग मोजता येतो. ही अदलाबदल मोजता येत नाही. चिप कुठली लहर बाहेर काढते हे सीपीयूला वाचताच येत नाही, त्याला वाटतं आपण पंचवीस सांगितलं म्हणजे पंचवीसच वाजलं. मग उपाय एकच, खेळणाऱ्याला विचारायचं. मी त्याच रात्री गेमच्या सुरुवातीला एक पान घातलं: आवाज १, आवाज २, दोन्हीवर भूपाची तीच ओळ, आवडेल तो घ्या. मी चाल लिहिली होती पंचवीसवर. या डब्यावर ती बरोबर वाजायची ती आवाज २ वर.

भाऊबीजेच्या दिवशी दादाच्या हातात रिमोट दिला. काहीच सांगितलं नाही. त्याने पहिला ऐकला, दुसरा ऐकला, परत पहिला. डोळे मिटून ऐकत होता, पेटी जुळवताना ऐकतो तसा. मग आवाज १ दाबला.

"दुसरा का नको?" मी विचारलं.

"तो आपल्या गेमचा नाही वाटत," म्हणाला, आणि खेळायला लागला.

[क्लिप: आवाज १, पूर्ण चाल.]